डिस्चार्ज कार्डावर किडनीची एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशात किडनीला अचानक इजा होऊन दवाखान्यात येणाऱ्यांचे दोन हंगाम आहेत. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला, की केळीच्या बागेत नाहीतर स्लॅबवर दिवसभर राबून कोरडे पडलेले लोक येतात. आषाढ लागला की सर्पदंश, जुलाब-उलट्या, लेप्टो, मलेरिया आणि तापातून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. बाळंतपणातला रक्तस्राव, मोठी ऑपरेशनं, मधुमेह-बीपीच्या माणसाला दुसऱ्याच आजारात बसलेला धक्का, हे तर बारा महिने चालू असतं. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा काढला तर दवाखान्यात भरती होणाऱ्या दर पाच प्रौढांमागे साधारण एकाच्या किडनीला कमी-अधिक इजा होते.

यातले बरेच जण वाचतात. लघवी सुटते, सूज उतरते, क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक, किडनी मंदावली की तो वाढतो) खाली येतं, डिस्चार्ज मिळतो. घरी विचारपूस करायला आलेल्यांना ‘आते बरं शे’ असं सांगून विषय मिटतो. आमचं म्हणणं त्यापुढच्या काळाबद्दल आहे. २० लाखांहून अधिक रुग्णांचे ८२ अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा: ज्यांच्या किडनीला दवाखान्यात अशी इजा झाली, त्यांना पुढे कायमचा किडनीविकार होण्याचा धोका इतर रुग्णांच्या सुमारे अडीच ते पावणेतीन पट, कायमचं डायलिसिस लागण्याचा जवळपास पाच पट आणि मृत्यूचा पावणेदोन पटींपेक्षा थोडा जास्त. याखेरीज बीपी वाढणं, हृदय कमजोर होऊन दम लागणं हेही या रुग्णांत अधिक दिसतं. यातला काही वाटा मूळच्या मधुमेह-बीपीचा असतो, हे खरं. पण सगळा वाटा त्यांचा नाही.

किडनी ‘नॉर्मल’ झाली तर मग हे होतं कशामुळे? एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. रक्तदाब कोसळला किंवा विष भिनलं, की गाळणीला जोडलेल्या बारीक नलिकांच्या पेशी झडतात. त्या पुन्हा उगवतात, म्हणूनच लघवी परत येते. पण सगळ्याच नीट उगवत नाहीत. काही ठिकाणी त्यांच्या जागी चिवट तंतू साठतात, आणि जी गाळणी एकदा मेली ती पुन्हा तयार होत नाही. केळीचा ट्रक भरायला दहा जणांची टोळी लागते तिथे सहाच जण उरले, तरी ट्रक वेळेवर भरून निघतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी वाटत नाही, पण त्या सहा जणांच्या कमरा किती हंगाम टिकतील हा प्रश्न असतो. उरलेल्या गाळण्या जादा दाबाखाली काम करतात, हळूहळू प्रथिनं गळू देतात आणि काही वर्षांनी त्याही बाद होतात. दुखत काहीच नाही.

घोणस चावल्यानंतर आणि बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर काही रुग्णांत याहून वाईट प्रकार घडतो. किडनीचा बाहेरचा थर, जिथे गाळण्या असतात, तोच रक्ताअभावी मरतो. अशा रुग्णाची लघवी तीन-चार आठवड्यांनी थोडीथोडी सुरू होते, डायलिसिस सुटतं, घरचे पेढे वाटतात. पण क्रिएटिनिन तीन-चारवर येऊन तिथेच अडतं. तीन-चार आठवड्यांत लघवी परतली नाही, तर किडनीचा तुकडा काढून तपासणं म्हणजे बायोप्सी टाळू नये. पुढे किती आशा धरायची, हे त्यावरून कळतं.

आता क्रिएटिनिनबद्दल. गोंधळाचं मूळ इथेच आहे. लॅबच्या रिपोर्टवर १.३ आकड्यापुढे कंसात ‘०.७ ते १.३’ छापलेलं असतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. पन्नाशीच्या ज्या पुरुषाचं क्रिएटिनिन आजारापूर्वी ०.८ होतं त्याची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सूत्रानुसार सुमारे १०८ येते. तोच १.३ वर घरी गेला तर ६७. म्हणजे रिपोर्टवर एकही आकडा ठळक झाला नाही आणि क्षमता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली. वय आणि लिंग यानेही फरक पडतो: १.२ हा आकडा पंचविशीच्या तरुणात सुमारे ८६ दाखवतो आणि पासष्टीच्या बाईत सुमारे ५०. म्हणून नुसतं क्रिएटिनिन वाचू नये. ईजीएफआर किती, हे लॅबकडून लिहून घ्यावं आणि आजारापूर्वीचा आकडा शोधावा. तो सापडतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या, शिबिरातला रिपोर्ट, गरोदरपणातली फाईल, विम्याचे कागद, कुठेतरी असतोच.

दुसरा चकवा मोठा आहे आणि डॉक्टरही त्याला फसतात. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होतं. तीन आठवडे आयसीयूत पडून राहिलेला, नळीतून खाल्लेला माणूस घरी जाताना मांड्या-दंडांचं मांस गमावून बसलेला असतो. स्नायूच कमी झाले तर क्रिएटिनिनही कमीच येणार. डिस्चार्जच्या दिवशीचा ०.९ त्यामुळे दिसतो तितका चांगला नसतो. दोन-तीन महिन्यांनी अंगावर मांस चढलं की खरा आकडा वर येतो, तेव्हा घरच्यांना वाटतं नव्यानेच काही बिघडलं. फारच शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी स्नायूंवर अवलंबून नसते. ती महाग आहे आणि तालुक्याला होत नाही, पण जळगाव-धुळ्यातून नमुना बाहेर पाठवता येतो. नाहीतर किमान एवढं ध्यानात ठेवावं, की डिस्चार्जचं क्रिएटिनिन हा शेवटचा निकाल नाही.

नंदुरबार आणि साक्री-शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांबाबत तर आणखी सावध राहायला हवं. त्यांच्या किडन्या तरुणपणी मुळातच जास्त जोराने गाळतात, म्हणून क्रिएटिनिन ०.४-०.५ असू शकतं. अशा मुलीचं क्रिएटिनिन इजेनंतर ०.९ वर राहिलं तर कागदावर ते उत्तमच दिसतं; वास्तविक ते दुपटीच्या आसपास असतं.

म्हणूनच रक्ताइतकीच लघवीची तपासणी मोलाची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. इजेनंतर तीन महिन्यांनी लघवीत किती अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जातं यावरून पुढे कोणाची किडनी ढासळणार याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं लघवीतलं प्रमाण. सकाळची पहिली लघवी घ्यावी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरावी, बाटली त्याच दिवशी लॅबला द्यावी. ताप असताना, लघवीची जळजळ असताना, पाळीच्या दिवसांत किंवा आदल्या दिवशी फार अंगमेहनत झाली असेल तर तपासू नये, आकडा फुगतो. ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू आहे. ३०० च्या वर गेलं तर थेट किडनीतज्ज्ञ. जिथे एसीआर होत नाही तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातली लघवीची पट्टी चालेल. पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेला टेकवून जादा थेंब झटकायचा आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग खोटा. एक सूचना खास इकडची: मे महिन्यात लघवी इतकी घट्ट असते, की पट्टीवर ‘ट्रेस’ (प्रथिनाचा पुसट अंश) असाच येऊ शकतो. अशा वेळी पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं. एक प्लस किंवा जास्त आलं तर मात्र उन्हाच्या नावावर ढकलू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा पत्रप्रपंच, तिच्याकडे येतो. आज बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर निदानाच्या रकान्यात मूळ आजार असतो: सर्पदंश, गॅस्ट्रो, न्यूमोनिया. किडनीची इजा एक तर नसतेच, किंवा ‘एकेआय रिझॉल्व्हड’ (किडनीची अचानक झालेली इजा बरी झाली) अशी दोन शब्दांत, इंग्रजीत असते. खाली लिहिलेलं असतं ‘फॉलो-अप एसओएस’. डॉक्टरच्या भाषेत याचा अर्थ गरज वाटल्यास यावं; रुग्णाच्या हिशेबात अर्थ होतो, यायची गरज नाही. सहा महिन्यांनी तो माणूस गुडघा दुखतो म्हणून गावातल्या दवाखान्यात जातो. त्या डॉक्टरला काहीच ठाऊक नसतं, आणि डायक्लोफेनॅकचं, म्हणजे किडनीला घातक ठरू शकणारं दुखण्याचं इंजेक्शन दिलं जातं. चूक कोणाची, हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. कार्डावर ओळ नव्हती, एवढंच.

ती ओळ अशी असावी: ‘किडनीला इजा झाली होती. आजारापूर्वीचं क्रिएटिनिन ०.८ (माहीत नसल्यास तसं लिहावं), सर्वांत जास्त ५.६, घरी जाताना १.४. डायलिसिस ४ वेळा, शेवटचं अमुक तारखेला. वजन ५२ किलो, बीपी १३६/८४. बंद केलेल्या गोळ्या: टेल्मिसार्टन (बीपीची), मेटफॉर्मिन (मधुमेहाची), पुन्हा सुरू करायच्या की नाही, कोणी आणि कधी ठरवायचं. दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं देऊ नयेत. पुढची रक्त-लघवी तपासणी अमुक तारखेला, अमुक ठिकाणी.’ हे मराठीत लिहायला दोन मिनिटं लागतात. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी डिस्चार्जच्या छापील नमुन्यात हा रकाना घालावा. कॉम्प्युटरवरून कार्ड निघतं तिथे तर तो रकाना भरल्याशिवाय कार्ड छापलंच जाऊ नये, अशी सोय करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही निवडक उपचारांनंतरच्या फेरतपासणीची पॅकेजेस आहेत. दवाखान्यात तात्पुरतं डायलिसिस लागलेल्या प्रत्येकाची तीन महिन्यांनंतरची तपासणी अशा पॅकेजमध्ये बसावी, ही आमची मागणी आहे. भरतीच्या खर्चापुढे रक्त-लघवीच्या या दोन तपासण्यांचा खर्च नगण्य आहे.

तपासणी कधी करायची, याचा साधा हिशेब सांगतो. डायलिसिस लागलं असेल किंवा क्रिएटिनिन मूळच्या तिपटीवर गेलं असेल, तर घरी गेल्यावर आठवड्याच्या आत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. दुपटीच्या वर पण तिपटीच्या आत असेल तर दोन ते चार आठवड्यांत. त्याहून सौम्य असेल तर महिना-दीड महिन्यात चालेल. तीन महिन्यांनी मात्र सगळ्यांचीच, रक्त आणि लघवी दोन्ही. किडनीविकार कायमचा झाला की नाही हे तीन महिन्यांनंतरच ठरवतात. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर राहिलं, तर तो कायमचा धरायचा. सगळं नीट असलं तरी वर्षातून एकदा, किमान तीन वर्षं तपासत राहावं. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वंही तेवढाच काळ सांगतात, आणि इजा तीव्र असेल तर त्याहून जास्त. लॅब शक्यतो एकच ठेवावी. दोन लॅबांच्या पद्धती वेगळ्या असल्या तर ०.१-०.२ चा फरक उगाच पडतो आणि घरात रडारड होते. किडनीतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं? पुस्तकात ईजीएफआर ३० च्या खाली असं आहे. इजा होऊन गेलेल्या रुग्णाला आम्ही ४५ च्या खालीच पाठवावं म्हणतो, कारण धडगाव किंवा मोलगीहून तज्ज्ञापर्यंत पोहोचायलाच जो उशीर होतो तो यात धरावा लागतो. एकदा सोनोग्राफीही करून घ्यावी. दोन्ही किडन्या आठ सेंटीमीटरच्या, आकसलेल्या दिसल्या तर आजार आत्ताचा नाही, जुनाच होता आणि आत्ता उघडकीला आला.

औषधांचा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण दुसरी इजा बहुतेक वेळा यातूनच होते. आणि पहिलीपेक्षा दुसरी महागात पडते. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाईड, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या किडनीत रक्त आणणाऱ्या वाहिन्या आकसवतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते. यातली एकेक गोळी एरवी चालून जाईल. तिन्ही एकत्र आणि वर एक दिवसाचे जुलाब, म्हणजे गाळणीतला दाब पारच उतरतो. बीपीच्या पुष्कळ गोळ्यांत पाणी काढणारं औषध आधीच मिसळलेलं असतं (पाकिटावर नावापुढे ‘एच’ असतो). म्हणजे दोन औषधं पोटात असतातच, तिसरं मेडिकलवरून कंबरदुखीसाठी येतं. दुखण्याला पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित आहे. लावायचं मलमही चालेल, पण थोडक्या जागेवर आणि थोडे दिवस. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं आणि सीटी स्कॅनला शिरेतून देतात ते औषध, यांच्या आधी ‘मला किडनीचा त्रास होऊन गेलाय’ असं रुग्णाने स्वतः सांगावं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती खरंच हवी का, हे विचारावं; काही जणांत तिनेही किडनीला सूज येते. भस्मं आणि बिनलेबलच्या पुड्या यांत पारा-शिसं असू शकतं, त्यांच्या वाटेला जाऊ नये. बाजाराच्या दिवशी ‘किडनी साफ करणारा काढा’ विकणाऱ्यांबद्दल काय लिहावं!

याच्या उलट चूकही होते. भरतीत टेल्मिसार्टन बंद केलं ते योग्यच असतं. पण पुढे ते कोणी सुरूच करत नाही, आणि बीपी १६०-१७० वर राहून उरलेली किडनी झिजते. ज्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन जातं, ज्यांना मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांना ही गोळी पुन्हा हवी असते. क्रिएटिनिन स्थिर झाल्यावर, पोटॅशियम ५ च्या आसपास किंवा खाली असताना, छोट्या मात्रेत सुरू करावी आणि दोन आठवड्यांनी दोन्ही तपासावीत. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नये, त्याहून जास्त वाढलं तर थांबवून कारण शोधावं. बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली बंद, ३० ते ४५ मध्ये दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. मधुमेहींच्या घरी एक आनंदाची बातमी म्हणून सांगितली जाते: आजारपणानंतर साखर आपोआप कमी राहते, इन्सुलिन निम्म्यावर आलं. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून असं होतं. त्या आठवड्यातच क्रिएटिनिन तपासावं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या कायमचा किडनीविकार झालेल्यांत घसरण मंदावतात. पेटंट संपल्यापासून भारतात त्या स्वस्त झाल्यात, पण इजा भरून स्थिर झाल्यावरच आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यायच्या.

जुलाब-उलट्या लागल्या, जेवण थांबलं, तर त्या एक-दोन दिवसांपुरत्या टेल्मिसार्टन-रामिप्रिल, पाणी काढणारी गोळी, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावं. आणि जेवण सुरळीत होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू करायला विसरू नये. ओआरएसचं साडेवीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं पाकीट २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट एका ग्लासात घोळून पाजलं तर फायदा दूरच, रक्तातलं सोडियम चढतं.

खाण्याबाबत रुग्णांना जितके सल्ले मिळतात तितके औषधाबाबतही मिळत नाहीत. रावेर-यावलच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो केळीचा. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. लघवी कमी आहे, पोटॅशियम साडेपाचच्या वर आहे, अशा दिवसांत केळी, शहाळं, डाळिंबाचा रस बंद. किडनी सावरून पोटॅशियम साडेचारवर आलं, की मर्यादेत केळं खायला हरकत नाही. जन्मभर वर्ज्य करायचं कारण नाही. मिठाचं मात्र कायमचं पाहावं: दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, एक सपाट चमचा. आपल्या घरी ते मीठ भाजीत कमी आणि पापड-कुरडया, लोणचं, ठेचा, शेव यांत जास्त असतं. पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ किडनीच्या रुग्णाने स्वतःहून आणू नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आणि ‘किडनी धुऊन निघते’ म्हणून पाच-पाच लिटर पाणी पिणं? तहान भागावी आणि लघवी फिकट पिवळी राहावी इतकं पाणी पुरे. मे महिन्यात शेतावर राबणाऱ्याला ते तीन-चार लिटर होईल, घरात बसणाऱ्याला दोन. पायावर सूज असेल किंवा हृदय कमजोर असेल तर पाणी डॉक्टर ठरवतील तेवढंच.

जे डायलिसिस चालू ठेवूनच घरी जातात, त्यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट. त्यांना लगेच ‘कायमचा डायलिसिसवाला’ ठरवू नये. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणांची किडनी परत काम करू लागते, पण ते कोणी पाहिलं तर कळणार. आठवड्यातून एकदा, डायलिसिस नसलेल्या दिवशी, २४ तासांची लघवी मोजावी: सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची एका डब्यात जमवायची, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली त्यात घालून मोजायचं. ती अर्धा लिटरच्या पुढे जाऊ लागली आणि डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन पाळीगणिक स्वतःहून उतरू लागलं, तर तज्ज्ञाला लगेच दाखवावं. आठवड्याच्या तीन पाळ्या दोन, मग एक करून पाहता येतं. तंत्रज्ञांनी डायलिसिसमध्ये अशा रुग्णाच्या अंगातलं पाणी बेताने ओढावं. प्रत्येक पाळीला बीपी नव्वदवर आलं, तर सावरू पाहणाऱ्या किडनीला दर वेळी नवा धक्का बसतो. ज्या हाताने माणूस काम करत नाही त्या हाताच्या मनगट-कोपराच्या शिरा सुयांपासून राखाव्यात, रक्त घ्यायचं तर पंजाच्या मागून घ्यावं. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) लागलाच तर तीच शीर कामी येते. मानेतली नळी मात्र गरज संपताच काढावी. तिच्यातून येणारा थंडी-ताप जीवावर बेततो. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. तिथल्या फाईलवर ‘इजा, सावरण्याची शक्यता’ आणि ‘कायमचा आजार’ अशा दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या, तरी पुष्कळ काम होईल.

बाळंतपणात किडनीला इजा झालेल्या बायकांना पुढच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो, किडनी पूर्ण सावरलेली असली तरी. आशाताईंनी ही नोंद माता-बाल कार्डावर करून ठेवावी, आणि पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच क्रिएटिनिन, लघवी आणि बीपी पाहावं.

शेवटचा मुद्दा सातपुड्यातल्या आणि साक्री-नवापूरकडच्या कुटुंबांचा. पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये साप चावला किंवा गॅस्ट्रोने किडनी बसली, तर तीन महिन्यांची तारीख पडते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तेव्हा घराला कुलूप असतं. सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. कार्डावर कितीही नीट तारीख लिहिली तरी ती वाया जाते. म्हणून या भागातल्या रुग्णांची तपासणी दिवाळीआधी, टोळी निघण्यापूर्वी उरकावी, तीन महिने पुरते झालेले नसले तरी. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवायला लावावा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरलाही दाखवता येईल. मुकादमाला सांगून ठेवावं, की या माणसाला दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही. होळीला लोक गावी येतात. त्या आठवड्यात उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी पावसाळ्यातल्या यादीवरून पुन्हा रक्त आणि लघवी घ्यावी. यादी करणं अवघड नाही. सर्पदंशाच्या आणि डायलिसिसच्या नोंदी रुग्णालयात असतातच, त्या गावनिहाय काढून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचायला हव्यात.

आपले,
किडनीविकार विभागांत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व डायलिसिस तंत्रज्ञ
जळगाव, धुळे, नंदुरबार